विश्लेषण : झाडाच्या पानासारखा सौरघट! शतकापूर्वी हा विचार मांडणारे जाकोमो चामिचान कोण होते?

झाडाचे पान भट्टी न पेटवता, धूर न सोडता सूर्यप्रकाशातून ऊर्जा साठवते. पानाचे हे तंत्र माणसाला जमले तर कोळशावाचून अडणार नाही, असा विचार इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्ये मांडला. नव्या पिढीच्या सौरघटांमागे आज हाच विचार आहे.

जडणघडण कशी झाली?

चामिचान यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५७ रोजी तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या त्रिएस्ते शहरात, आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. व्हिएन्नात शिकून त्यांनी १८८० मध्ये जर्मनीतील गिसेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. रोममध्ये कान्निझारो यांचे सहायक, मग पादुआत प्राध्यापक आणि १८८९ पासून अखेरपर्यंत बोलोन्या विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास झाला. सुरुवातीचे त्यांचे संशोधन ‘पायरोल’ या संयुगावर होते. हरितद्रव्याच्या रेणूचा गाभा अशाच पायरोल कड्यांचा असतो.

गच्चीवरची प्रयोगशाळा कशासाठी?

प्रयोगशाळेत रासायनिक क्रिया घडवायची तर उष्णता किंवा तीव्र रसायने लागतात. झाडाला मात्र प्रकाश पुरतो. या फरकाचा शोध घेण्यासाठी चामिचान आणि त्यांचे सहकारी पॉल सिल्बर यांनी इमारतीच्या गच्चीवर काचेचे असंख्य चंबू व नळ्या उन्हात मांडून ठेवल्या. क्रिया पूर्ण व्हायला अनेकदा कित्येक महिने लागत. या चिकाटीतून प्रकाशरसायनशास्त्राचा पाया रचला गेला.

न्यूयॉर्कमध्ये काय सांगितले?

सप्टेंबर १९१२ मध्ये उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी दाखवून दिले, की कोळसा म्हणजे पुरातन काळी साठलेली सौरऊर्जाच असून ती कधीतरी संपणार. सुपीक जमिनीवर हे काम झाडांवर सोडावे आणि ओसाड वाळवंटात काचेच्या नळ्यांचे, बिनधुराचे कारखाने उभारावेत, अशी त्यांची कल्पना होती. प्रकाशावर चालणाऱ्या विद्युतघटांचाही त्यांनी विचार केला होता.

मग हा विचार मागे का पडला?

खनिज तेल आणि कोळसा सहज मिळत राहिल्याने पर्यायाची निकड भासली नाही. १९५४ मध्ये सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट आला. पण सिलिकॉन अतिशुद्ध लागते आणि त्यासाठी प्रचंड उष्णता खर्ची पडते. १९९१ मध्ये ब्रायन ओ’रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी पानाच्या धर्तीवर वेगळा घट सादर केला. त्यात प्रकाश शोषण्याचे काम रंगद्रव्य करते, इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण करतात आणि रंगद्रव्याने गमावलेले इलेक्ट्रॉन द्रावण भरून देते. कामाच्या या वाटणीमुळे कमी खर्चाचे साहित्य चालते आणि थर छपाईसारखे चढवता येतात.

अडचण कुठे आहे?

पान उन्हाने झालेली हानी स्वतः भरून काढते, घटाला ते जमत नाही. रंगद्रव्य हळूहळू खराब होते, द्रावण गळू शकते. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करताना खरी कसोटी या टिकाऊपणाचीच आहे.

चामिचान यांचे २ जानेवारी १९२२ रोजी निधन झाले. नोबेलसाठी अनेकदा नाव सुचवले जाऊनही तो सन्मान त्यांना मिळाला नाही. बोलोन्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला मात्र आज त्यांचे नाव आहे.