दोन पावसाळ्यांवरचा हवाई मार्ग : जे. आर. डी. टाटा

भारतीय नागरी विमान वाहतुकीचे जनक म्हणून जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे नाव घेतले जाते. उद्योगपती म्हणून त्यांचे कर्तृत्व सर्वपरिचित आहे. मात्र प्रतिकूल हवामानाशी त्यांच्या विमानसेवेने जी झुंज दिली, तिची चर्चा फारशी होत नाही. आज विमानात बसलेला प्रवासी खिडकीबाहेर वीज चमकताना पाहूनही वर्तमानपत्र वाचत राहतो. ही निश्चिंतता आपल्या देशात ज्या मार्गावर प्रथम कमावली गेली, तो कराची-मुंबई-मद्रास हा मार्ग होता.

जेआरडींचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच, वडील टाटा घराण्यातील. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्देलो येथे इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरियो त्यांचे शेजारी होते. उड्डाणाचे वेड तेथेच लागले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिकाने टाटांपुढे हवाई टपालाची योजना मांडली. सरकारी मंजुरीसाठी काही वर्षे वाट पाहावी लागली. अखेर 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी स्वतः कराचीहून ‘पुस मॉथ’ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन घेऊन मुंबईत जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले.

या मार्गाची खरी अडचण नकाशावर दिसत नाही. मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पाऊस जून ते सप्टेंबर असतो. तो ओसरतो न ओसरतो तोच मद्रासकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरातील वादळे त्या किनाऱ्यावर येत राहतात. म्हणजे वर्षातील निम्म्याहून अधिक काळ मार्गाचे एक ना एक टोक ढगांखाली. मध्ये सह्याद्री. विमानात रेडिओ नाही, जमिनीवर दिशादर्शक यंत्रणा नाही. दाट ढगात शिरले की क्षितिज नाहीसे होते आणि तोल सांभाळणारे कानातील इंद्रियच वैमानिकाला फसवते. विमान कलले आहे हे त्याला जाणवतही नाही. म्हणून ढगाखालून, नद्या आणि रेल्वेचे रूळ पाहत जायचे. पण घाटात ढगच डोंगरमाथ्यावर टेकलेले असतात!

जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची चिखलट सपाटी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. तेव्हा विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ असा सारा संसार पुण्याला हलवला जाई आणि येरवडा तुरुंगालगतच्या मैदानावरून सेवा चाले. अशा स्थितीतही 1933-34 या वर्षाच्या सरकारी अहवालात या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा झाली. पावसाळ्यातही टपालाची कराचीतील जोडसेवा चुकली नव्हती, की मद्रासला ते एकदाही उशिरा पोहोचले नव्हते.

तळ निरुपयोगी झाला तर दुसरा तयार ठेवणे, हे पुण्यात वापरलेले तत्त्व पुढे जगभर विमान वाहतुकीचा नियम झाले. आज प्रवासी विमान निघते तेव्हा पर्यायी विमानतळाचे नाव आणि तेथवर पुरेल इतके इंधन आधीच ठरलेले असते. डिसेंबर 2015 मध्ये चेन्नईची धावपट्टी पुरात बुडाली, तेव्हा आवडीवरून पश्चिमेला जाणाऱ्या लोहमार्गावरील अरक्कोणम येथील नौदलाच्या तळावरून प्रवासी विमाने सोडण्यात आली. नवी यंत्रे आली, तरी पाण्यात गेलेल्या धावपट्टीवर उपाय मात्र तोच राहिला.

8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला गेले. प्रवाशांत जेआरडीही होते. या कॉन्स्टेलेशन विमानात हवेचा दाब राखलेली केबिन असल्याने ते बऱ्याच खराब हवामानाच्या वरून जाऊ शके. पण विमानाला कधीतरी खाली यावेच लागते. 3 नोव्हेंबर 1950 रोजी हेच विमान जिनिव्हाकडे उतरत असताना वादळी हवेत माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि 48 जण ठार झाले. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते. शोधासाठी गेलेल्या एका वाटाड्यालाही प्राण गमवावे लागले. सुमारे पंधरा वर्षांनी, 24 जानेवारी 1966 रोजी, ‘कांचनजंगा’ हे बोइंग 707 त्याच पर्वतावर कोसळले. मृत 117 जणांत डॉ. होमी भाभा होते. आपण शिखर ओलांडले आहे, असा वैमानिकाचा समज झाला होता. पहिला अपघात विसरता न आलेल्या संस्थेवर हा दुसरा आघात किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते.

1960 पासून एअर इंडियाकडे आलेली जेट विमाने दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. तरी उष्ण कटिबंधातील गडगडाटी ढग त्याहूनही उंच जातात. त्यांना वळसाच घालावा लागतो. यासाठी विमानाच्या नाकात रडार असते. ते पावसाचे थेंब टिपते आणि पडद्यावर जोराच्या पावसाचा भाग लाल दाखवते. वीज पडली तरी ती बहुधा धातूच्या बाह्य आवरणावरून वाहून निघून जाते. अधिक कसोटी लागते ती उतरताना. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, तर विमान पुन्हा वर न्यायचे, असा दंडक आहे. प्रवाशांना तो त्रासदायक वाटतो, परंतु माँ ब्लाँचा इतिहास ठाऊक असलेल्याने त्याबद्दल कुरकुर करू नये.

1953 मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावरही जेआरडी 1978 पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष होते. 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78व्या वर्षी, त्यांनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. 1992 मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.