फाशीच्या शिक्षेपासून अर्थमंत्रिपदापर्यंत

५ जानेवारी १७२० रोजी फ्रान्सच्या राजदरबाराने अर्थखात्याची सूत्रे ज्याच्या हाती सोपवली, तो मनुष्य जन्माने फ्रेंच नव्हता. लंडनच्या न्यायालयाने त्याला खुनाबद्दल देहान्ताची शिक्षा सुनावली होती, तो तुरुंगातून पळालेला होता आणि युरोपातील अनेक राजधान्या त्याला पट्टीचा जुगारी म्हणून ओळखत होत्या. त्याचे नाव जॉन लॉ. कलंकित पूर्वायुष्य असलेल्या तज्ज्ञाला सरकारने आर्थिक सल्लागार नेमावे काय, हा वाद उठला की या माणसाचे चरित्र हटकून आठवते.

लॉचा जन्म १६७१ मध्ये एडिंबरा येथे झाला. वडील सोनार आणि सावकार. त्यांच्या पेढीवर व्याजाचे आणि हुंडणावळीचे हिशेब पोराच्या कानावर लहानपणीच पडले. तरुणपणी तो लंडनला गेला आणि वारशाचा बराच भाग त्याने जुगारात उधळला. १६९४ च्या एप्रिलमध्ये ब्लूम्सबरी चौकातील द्वंद्वयुद्धात त्याच्या तलवारीने एडवर्ड विल्सन नावाच्या तरुणाचा बळी घेतला. शिक्षा झाली, परंतु तिची अंमलबजावणी होण्यापूर्वीच लॉ निसटला आणि समुद्रापलीकडे हॉलंडमध्ये पोहोचला.

परागंदा अवस्थेतील ही वर्षे वाया गेली नाहीत. ॲमस्टरडॅमची पेढी कशी चालते, हे त्याने बारकाईने पाहिले. व्यापार थंडावतो तो नाण्यांच्या टंचाईमुळे. चलन वाढवले तर पडीक जमीन आणि रिकामे हात कामाला लागतील, हा विचार त्याने १७०५ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. स्कॉटलंडच्या संसदेने त्याची योजना नाकारली. पुढे स्कॉटलंड इंग्लंडशी जोडले गेल्यावर मायदेशही त्याला सुरक्षित उरला नाही.

१७१५ मध्ये चौदावा लुई वारला तेव्हा युद्धांनी फ्रान्सचा खजिना कोरडा ठणठणीत पडला होता. नवा राजा पाच वर्षांचा. कारभार ऑर्लिन्सच्या ड्यूककडे. बुडत्याला काडीचा आधार हवा असतो, आणि लॉकडे तर संपूर्ण योजना तयार होती. १७१६ मध्ये त्याला पेढी काढण्याची परवानगी मिळाली. आरंभीचा अनुभव उत्तम होता. पेढीच्या नोटा मागताक्षणी नाण्यांत वटत, त्यामुळे त्यांवर विश्वास बसला, व्याजदर उतरले आणि १७१७ पासून कर भरण्यासाठीही त्या स्वीकारल्या जाऊ लागल्या.

याच यशात पुढील अनर्थाचे बीज होते. अर्थमंडळाचे प्रमुख नोआय आणि चॅन्सेलर द'अगेसो यांना लॉच्या योजनांबद्दल शंका होती. १७१८ च्या जानेवारीत दोघेही पदावरून दूर झाले. पॅरिसच्या न्यायसभेने हरकत घेतली, तर तिलाही दाबण्यात आले. वर्षअखेरीस लॉची पेढी सरकारी झाली आणि नोटा छापण्यावरचा अंकुश राजाज्ञेपुरता उरला.

दुसरीकडे लॉने मिसिसिपी खोऱ्याच्या व्यापाराचा मक्ता असलेली कंपनी उभारली. १७१९ मध्ये तिच्यात हिंदुस्थान आणि चीनशी व्यापार करणाऱ्या कंपन्या विलीन केल्या. मग करवसुली आणि सरकारी कर्जही तिच्या पदरात टाकले. ५०० लिव्हरचा समभाग वर्षअखेरीस १०,००० च्या घरात गेला. कँकांप्वा गल्लीत खरेदीदारांची झुंबड उडाली. अर्थमंत्रिपदाच्या आड येऊ नये म्हणून लॉने पंथ बदलून कॅथलिक दीक्षाही घेतली.

कागदाचा हा डोलारा काही महिनेच टिकला. धूर्त लोक समभाग विकून सोने साठवू लागले, तेव्हा ५०० लिव्हरहून अधिक नाणी बाळगण्यास बंदी आली. २१ मे १७२० च्या फर्मानाने नोटांचे मूल्य टप्प्याटप्प्याने निम्मे करण्याचे ठरले. संतापाच्या लाटेपुढे ते फर्मान आठवडाभरात मागे घ्यावे लागले. विश्वास मात्र परतला नाही. जुलैमध्ये पेढीच्या दारात नोटा वटवण्यासाठी आलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे प्राण गेले. डिसेंबरात लॉने फ्रान्स सोडला. २१ मार्च १७२९ रोजी व्हेनिसमध्ये त्याचे निधन झाले.

त्याला भामटा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. आपली संपत्ती त्याने फ्रान्समध्येच गुंतवली होती आणि ती तेथेच गमावली. त्याने एकत्र केलेली कंपनी मात्र पुढे जवळजवळ अर्धशतक हिंदुस्थानात व्यापार करीत राहिली. त्याचा पुतण्या जाँ लॉ पुढे पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला, त्यामुळे हे घराणे आपल्याही इतिहासाला परके नाही.

विल्सनचा खून आणि जुगाराचा फड यांनी फ्रान्स बुडवला नाही. फ्रान्स बुडाला तो एकाच माणसाच्या हाती नोटा, कंपनी, कर आणि कर्ज एकवटल्याने, आणि नाही म्हणू शकणाऱ्यांना आधीच बाजूला सारल्याने. सल्लागाराचा भूतकाळ तपासावाच; पण त्याला नेमणाऱ्यांनी हिशेब विचारणारा कोणी शिल्लक ठेवला आहे काय, हेही तपासले पाहिजे. पॅरिसमध्ये हा प्रश्न विचारला गेला, तोवर लोकांच्या हाती केवळ कागद उरला होता.