काउंट रेव्हेंटलो

जमीनदारानेंच जमीनदारांच्या हक्कांस कात्री लावावी, असा प्रसंग विरळाच. डेन्मार्कांत तो घडला. तेथें १७३३ च्या कायद्यानें कुळाच्या मुलास, ज्या जहागिरींत जन्मला ती सोडून जाण्याची बंदी होती. १७६४ पासून ती चार वर्षांच्या पोरापासून चाळिशीच्या पुरुषापर्यंत लागू झाली. सैन्यास शिपाई व जमीनदारास स्वस्त मजूर मिळावे, हें तिचें इंगित. ख्रिश्चन डिटलेव्ह रेव्हेंटलो (१७४८–१८२७) हा लोलंड बेटावरील मोठ्या जहागिरीचा धनी. १७८६ च्या शेतकी कमिशनांत त्यानें पुढाकार घेतला आणि १७८८ सालीं ही बंदी रद्द ठरली; १८०० पर्यंत ती टप्प्याटप्प्यानें पुरती संपली. १७९० सालीं जटलंडच्या जमीनदारांनीं युवराजाकडे गाऱ्हाणें नेलें, पण सरकार डगमगलें नाहीं. भूमिहीन झोपडीवाल्यांची वेठ मात्र कायम राहिली. आमच्या मतें हें व्यंग झांकण्यांत अर्थ नाहीं. खेड्यांतील मुलांस शिक्षण सक्तीचें करणाऱ्या १८१४ च्या कायद्यामागेंही त्याचे वर्षानुवर्षांचे श्रम होते. पण त्यापूर्वींच, १८१३ सालीं राज्याचें दिवाळें निघालें तेव्हां, तो कारभारांतून बाहेर पडला आणि लोलंडास परतून ओकचीं झाडें कशीं वाढतात याचीं मापें घेत बसला.