वसईचे संत गोन्सालो गार्सिया व त्यांची ख्रिस्तमंदिरे

कोल्हापूरच्या भाविकांना वसई तशी लांबचीच. परंतु भारतात जन्मलेल्यांपैकी संतपदाचा मान सर्वप्रथम ज्यांना लाभला, ते संत गोन्सालो गार्सिया आपल्या महाराष्ट्राच्याच मातीतले होत. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथील. आईचे हे येथील असणेच पुढे त्यांच्या आयुष्यात, आणि मृत्यूनंतरही, महत्त्वाचे ठरले.

वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीयांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. किशोरवयातच ते धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची तळमळ होती. ती पूर्ण झाली नाही. त्या काळी भारतीय व मिश्र वंशाच्या उमेदवारांना घेण्यास वरिष्ठ नाखूश असत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. गोन्सालो व्यापारात शिरले, त्यात यशही मिळाले. पण मन रमेना. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले. सत्ताधीश हिदेयोशी यांच्यापुढे फ्रान्सिस्कनांची बाजू मांडण्याचे काम वसईच्या या सुपुत्राकडे होते. १५९६ च्या अखेरीस वारे फिरले. अटक झालेल्यांचे डावे कान छाटण्यात आले आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत १७ जण प्रापंचिक ख्रिस्ती होते.

१६२७ मध्ये या रक्तसाक्षींना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले.

वसईजवळील गास येथील धर्मग्राम त्यांच्या नावाने आहे. किल्ल्यातील येशूसंघीयांचे जुने मंदिरही आज भाविक त्यांच्याच नावाने ओळखतात. म्हणजे ज्या संघाने त्यांना सामावून घेतले नाही, त्याच संघाच्या वास्तूला त्यांचे नाव चिकटले!

दूर ब्राझीलमध्येही त्यांची भक्ती रुजली. तेथील मिश्रवर्णीय ख्रिस्ती लोकांना हा संत आपलासा वाटला. तो खरोखर मिश्रवर्णीय होता का, यावर वादही झाला. १७४५ मध्ये रेसिफे येथील उत्सवात फ्रायर जाबोआतांव यांनी प्रवचनातून त्यांच्या आईच्या वंशाचा दाखला देऊन भक्तांची बाजू घेतली. पेनेदो व सांव जोआंव देल रेई येथे त्यांची मंदिरे आहेत. रिओ दि जानेरो येथील मंदिर त्यांच्या व संत जॉर्ज यांच्या नावाने आहे. मात्र २३ एप्रिलला तेथे उसळणारी गर्दी संत जॉर्ज यांच्यासाठी असते.

वैश्विक उपासना पंचांगात ६ फेब्रुवारी हा दिवस संत पॉल मिकी व सहकारी यांचा आहे. आपले गोन्सालो त्या सहकाऱ्यांपैकी एक.