आजारी बिअरचा वैद्य

मावळात कार्ले आणि भाजे या दोन लेण्यांच्या मधून इंद्रायणीचे खोरे जाते. मुंबईहून पुण्याला येणारी जुनी वाट याच खोऱ्यातली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये घाटही रुळांनी जोडला गेला. पुणे आणि खडकीच्या छावण्यांतल्या गोऱ्या पलटणींसाठी विलायतेहून जो माल येई, त्यात लाकडी पिंपांत भरलेली बिअर असे. 'पोर्टर' नावाची काळी बिअर शिपायांची, तर फिकट, कडवट बिअर साहेबांची. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला होईपर्यंत हा माल आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कित्येक महिन्यांनी मुंबईला पोहोचे.

पिंपातली बिअर ही जिवंत गोष्ट. तिच्यात यीस्ट शिल्लक असते आणि पिंपातही तिचे आंबणे हळूहळू चालूच राहते. त्यामुळे पिंप उघडल्यावर आत फेसाळ, चवदार पेय निघेल की आंबट, बुळबुळीत पाणी, हे आधी सांगता येत नसे. दोष कधी उष्णतेला दिला जाई, कधी लाकडाला, तर कधी प्रवासाला. खरे कारण ज्याने दाखवून दिले, त्याला स्वतःला बिअरची फारशी आवड नव्हती. तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ म्हणजे लुई पाश्चर.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. पुढे कुटुंब आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी आले आणि लुईचे बालपण तिथेच गेले. पॅरिसला शिकून तो रसायनशास्त्रज्ञ झाला. त्याचे पहिले मोठे संशोधन स्फटिकांवरचे, तेही वाइनच्या पिंपात साठणाऱ्या क्षारांशी संबंधित असलेल्या टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवरचे.

१८५४ मध्ये तो लील या औद्योगिक शहरात विज्ञान शाखेचा प्रमुख झाला. दोन वर्षांनी बीटापासून मद्यार्क काढणारा बिगो नावाचा एक कारखानदार तक्रार घेऊन त्याच्याकडे आला. त्याच्या काही हौदांत मद्यार्काऐवजी आंबट पाणी तयार होत होते. पाश्चरने दोन्ही हौदांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चांगल्या हौदात यीस्टच्या गोलसर पेशी दिसल्या. बिघडलेल्या हौदात मात्र त्याहून कितीतरी बारीक, काड्यांसारखे जीव वळवळत होते. आंबणे ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे, असे त्या काळचे मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ मानत. आंबणे हे सजीवांचे काम आहे आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे वेगळा जीव असतो, हे पाश्चरने १८५७ पासून प्रयोगांनी मांडायला सुरुवात केली.

आपल्या स्वयंपाकघरात हे रोज घडते. चांगले विरजण लावले तर दही गोड लागते. विरजणात भलतेच जंतू शिरले तर दही तार धरते, त्याला वास येतो. आणि त्याच दह्याचे विरजण पुन्हा लावले तर उद्याचेही दही बिघडते. बिअरच्या कारखान्यात याचेच मोठे रूप असते. एका घाण्यातले यीस्ट काढून पुढच्या घाण्याला लावायचे, ही तिथली रीत. म्हणजे एकदा शिरलेला जंतू वारशाने पुढे जात राहणार.

वाइनच्या बिघाडावर पाश्चरने १८६०च्या दशकात उपाय शोधला. बंद बाटलीतली वाइन पन्नास ते साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की चव फारशी न बदलता बिघडवणारे जंतू मरतात. यालाच पुढे पाश्चरीकरण हे नाव मिळाले. आज पिशवीतल्या दुधामागे हेच तत्त्व आहे. बहुतेक डेऱ्यांत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केले जाते.

याच काळात त्याच्या घरावर एकामागून एक घाव पडत होते. थोरली मुलगी जान १८५९ मध्ये टायफॉइडने गेली. १८६५ मध्ये धाकटी कामीय गेली आणि १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील, तीही टायफॉइडनेच. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चरला स्वतःला पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. पुढचे प्रयोग त्याने बरेचसे सहकाऱ्यांच्या हातांनी केले.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. फ्रान्सचा पराभव झाला. पाश्चरचा मुलगा सैन्यात होता. संतापलेल्या पाश्चरने बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी परत पाठवली. त्या काळी बिअरच्या धंद्यात जर्मनांचा दबदबा होता. फ्रेंच बिअर जर्मन बिअरच्या तोडीची करायची, या ईर्षेने त्याने १८७१ मध्ये क्लेरमाँ-फेराँ इथे, आपला शिष्य एमिल दुक्लो याच्याकडे राहून काम सुरू केले. जवळच शामालिएर इथे बिअरचा एक लहान कारखाना होता. रोज तिथले नमुने आणायचे, तपासायचे आणि टिपणे ठेवायची, असा क्रम सुरू झाला. चव ओळखणे मात्र त्याला जमत नसे. त्याचा मित्र बेर्तँ बिअरचा दर्दी होता आणि यावरून तो पाश्चरची थट्टा करी.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाश्चर लंडनला गेला आणि व्हिटब्रेड या प्रसिद्ध कारखान्यात पोहोचला. हा कारखाना पोर्टरसाठी नावाजलेला. पाश्चरने यीस्टचा थेंब मागितला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. यीस्टच्या पेशींबरोबर त्याला परके जंतू दिसले. या यीस्टची बिअर नीट होत नसणार, असे त्याने तिथल्या व्यवस्थापकांना सांगितले. आधी ते गप्प राहिले. मग बिघडलेली बिअर वेगळी काढावी लागते, हे त्यांना कबूल करावे लागले. आठवडाभराने तो पुन्हा गेला तेव्हा कारखान्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता आणि यीस्टही बदलले होते.

या कामाचा ग्रंथ १८७६ मध्ये निघाला. बिअर आपोआप बिघडत नाही, तिला आजारी करणारे जंतू बाहेरून येतात, हे त्याचे सार. ते येतात हवेतून, भांड्यांतून, नळ्यांतून आणि अशुद्ध यीस्टमधून. म्हणून उकळलेला जवाचा काढा हवेपासून झाकून थंड करावा, त्यात शुद्ध यीस्ट घालावे आणि दर टप्प्यावर सूक्ष्मदर्शकाने तपासणी करावी, असे त्याने सांगितले.

एक अडचण उरलीच होती. यीस्टमध्येही जाती असतात आणि त्यांतल्या काही रानटी जाती बिअर बिघडवतात. ती अडचण १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने सोडवली. एकाच पेशीपासून त्याने शुद्ध यीस्ट वाढवले. जर्मनांवर मात करायला निघालेल्या फ्रेंच माणसाच्या विद्येचा मोठा लाभ असा डेन्मार्कला आणि इंग्लंडला झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. शुद्ध यीस्ट जपून ठेवण्याचे हेच काम तिथे आजही चालते.

जंतूंमुळे बिअर आजारी पडते, तर माणूस का नाही? पाश्चरचा प्रवास याच प्रश्नाच्या वाटेने पुढे गेला. ६ जुलै १८८५ रोजी, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याची लस टोचायला सुरुवात झाली आणि मुलगा वाचला. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली. तिथे काम केलेल्या हाफकिनने पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारला. तो दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

त्याने सांगितलेली शिस्त आजच्या बारलाही लागू पडते. इंग्लंडमध्ये आजही पिंपात मुरवलेली, न गाळलेली आणि न तापवलेली बिअर मिळते. ती साधारण ११ ते १३ अंशांवर ठेवतात. पिंपाला एकदा हवा लागली की तीनेक दिवसांत ती संपवावी लागते. खप कमी असलेल्या ठिकाणी अशी बिअर ठेवणे म्हणजे ती बिघडू देणेच. आपल्याकडे बाटलीतली बिअर बहुधा पाश्चरीकृत असते, पण पुण्यात २००९ पासून सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरींत मिळणारी ताजी बिअर पुष्कळदा न गाळलेली, जिवंत असते. ती थंड टाकीतून दिली जात असली तरी नियम तोच. टाकी, नळ्या, तोट्या आणि ग्लास यांतली एकही गोष्ट अस्वच्छ असेल तर कारखान्यातली सगळी मेहनत वाया जाते. व्हिनेगरसारखा वास, नको तो आंबटपणा, तोटीवरचा बुळबुळीत थर ही बिघाडाची लक्षणे. असा ग्लास परत करावा आणि नळ्या कधी धुतल्या, हे विचारावे.

मद्यार्क, आम्लता आणि हॉप्सचा कडवटपणा यांमुळे बिअरमध्ये रोगजंतू सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर तोंड वाईट करते, पण तिच्यामुळे गंभीर आजार क्वचितच होतो. खरा धोका चांगल्या बिअरमध्येही असतो, तो मद्यार्काचा. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पावसाळ्यात भाज्याच्या निसरड्या पायऱ्यांवर, लोहगडाच्या वाटेवर किंवा घाटात गाडीच्या चाकामागे बिअर शुद्ध होती की अशुद्ध, याने काही फरक पडत नाही. पाश्चरने जंतूंवर उपाय शोधला. मद्यार्कावर उपाय एकच, आणि तो ज्याच्या हाती ग्लास आहे त्याच्याकडे आहे.