पालवणकर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर संतांची, समाजसुधारकांची आणि विदुषींची चरित्रे आली. यंदा मी एका क्रिकेट खेळणाराचे चरित्र लिहिणार असे सांगितले तेव्हा काही भगिनींना ते चमत्कारिक वाटले. त्याला कारण घडले ते वाचनवर्गातील एका वादाचे. अमेरिकेतील कॉलिन कॅपरनिक या कृष्णवर्णी खेळाडूने २०१६ साली राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून वर्णद्वेषाचा निषेध केला आणि त्या हंगामानंतर त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही, ही हकीकत वर्गात निघाली होती. काहीजणी म्हणाल्या, खेळाडूने खेळावे, त्याला जगाच्या उठाठेवी कशाला? काहीजणी म्हणाल्या, लाखो लोक ज्याच्याकडे पाहतात त्याने नाही बोलायचे तर कोणी? मला त्या वेळी वाटले की या प्रश्नासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुणे-मुंबईच्या मैदानांवर शंभर वर्षांपूर्वीच हा प्रश्न उभा राहिला होता, आणि तोही आपल्याच भाषेत बोलणाऱ्या एका कुटुंबापुढे.

पालवणकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील पलटणीत शिपाई होते. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे हे बिऱ्हाड पुण्यास आले. गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियन लोकांच्या क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. जाळे लावणे, खेळपट्टी तयार करणे, आणि फुरसतीला साहेबांना गोलंदाजी करणे ही त्यांची कामे.

त्या क्लबात ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. ग्रेगसाहेबांना बाद केले की बाळूंना आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. रोज शेकडो चेंडू टाकून बाळूंचा डावा हात असा तयार झाला की चेंडू त्यांच्या मनाप्रमाणे वळू लागला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या वर्षांत त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, असा तेथील रिवाज होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांशी सामने खेळायचे होते, आणि शहरातील उत्तम गोलंदाज हा असा 'अस्पृश्य'! क्लबात बरीच वादावादी झाली. तेलुगू सभासद त्यांना घ्यावे म्हणत होते, पुण्याचे ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळूंना घेतले गेले. घेतले म्हणजे कसे, तेही सांगायला हवे. मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातून सुटे तोच ब्राह्मण खेळाडू झेलत, त्याने विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचे झाले तर त्यांच्यासारख्याच एखाद्या अस्पृश्य नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात नेऊन पाणी घालायचे. जेवणाचे ताट आणि जागाही वेगळी.

हे वाचून आपल्याला पुण्याच्या त्या लोकांचे हसू येईल, पण जरा थांबावे. आपल्या नाशिकच्या जुन्या वाड्यांतून मोरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे, तो कोणासाठी असे हे आपल्यातील वयस्क भगिनींना सांगावे लागणार नाही.

बाळूंनी त्या मातीच्या भांड्याबद्दल तेव्हा तक्रार केली नाही. त्यांनी बळी घेतले. साताऱ्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून घेतला होता, तरी तेथे त्यांनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे जाहीर सभेत त्यांचे कौतुक केले आणि संघातल्या मंडळींना सुनावले की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास काय हरकत आहे? हा प्रश्न रानड्यांनी विचारला, बाळूंनी नव्हे. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. ज्याच्या अंगाला काटा टोचतो त्याला ओरडण्याची सोय नसते, कारण त्याची भाकरी काटा टोचणाराच्याच हाती असते.

१८९६ साली पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईस गेले. तेथे पलटणीत आणि पुढे रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली, आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना आपल्या संघात घेतले. मुंबईची हवा पुण्याहून थोडी मोकळी होती. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने मुंबईत युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, आणि त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. साहेबाला त्याच्याच खेळात आपण हरवले याचा आनंद सगळ्या शहराला झाला. तोपर्यंत जिमखान्यात बाळू इतरांच्या पंक्तीला बसून खाऊ-पिऊ लागले होते. दहा वर्षांत मंडपाबाहेरून मंडपाच्या आत! एवढे काम त्यांच्या डाव्या हाताने एक शब्द न बोलता केले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८, आणि लिस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून ११. हा लिस्टरशायरचा सामना आपण जिंकला. धाकटे बंधू शिवराम त्याच संघात होते, त्यांनीही फलंदाजीत नाव मिळवले. परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळी दिलेले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते असे चरित्रकार सांगतात. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर.

इतके झाल्यावर हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंकडेच यावे, असे कोणालाही वाटेल. ते आले नाही. चतुरंगी सामने सुरू झाले, वर्षे गेली, आणि कप्तान उच्चवर्णीयच राहिला. १९१३ पासून एम. डी. पै कप्तान होते. ते भले गृहस्थ. हा मान बाळूंचा होता असे त्यांनी स्वतःच सत्काराच्या वेळी सांगितले. पण निवड करणाऱ्यांच्या मनात ते येईना. एकत्र जेवणे निराळे आणि हुकूम ऐकणे निराळे, हे आपण बायका चांगले ओळखतो. सुनेच्या हातचा स्वयंपाक सर्वांना चालतो, पण किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला लागायला किती वर्षे जातात!

१९२० साल उजाडले. जानेवारीत आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, मार्चमध्ये माणगावला परिषद झाली, आणि वर्षअखेरीस गांधीजी नागपूरच्या काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध बोलले. त्याच वर्षीच्या चतुरंगी सामन्यांत पै आजारी पडले. आता तरी कप्तानपद पालवणकरांकडे येईल असे वाटत असता निवड समितीने बाळूंना मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यातून वगळलेच, वर कप्तानपद पुण्याचे तरुण दि. ब. देवधर यांना दिले. देवधर उत्तम खेळाडू, यात शंका नाही. पण अनुभवाने शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ त्यांच्या पुढे होते.

आणि इथे पालवणकरांच्या घरातून पहिल्यांदा आवाज निघाला. शिवराम आणि विठ्ठल यांनी त्या सामन्यात खेळण्यास नकार दिला आणि वर्तमानपत्रात जाहीर निवेदन दिले. दुसऱ्या कोणाच्या कर्तबगारीबद्दल आमची तक्रार नाही, पण खेळातला मान जन्मावरून मोजला जात असेल तर आमच्या स्वाभिमानाला ते सोसणार नाही, असा त्याचा रोख होता. संघातले मिळवलेले स्थान सोडून देणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्यावर टीका झाली, पण शहरात त्यांची बाजू घेणारेही पुष्कळ निघाले. पारशी संघाविरुद्धच्या पुढच्या सामन्यात दोघे भाऊ परत आले, पै कप्तान म्हणून हजर झाले आणि बाळूंना उपकप्तान केले गेले. सामना चालू असता पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच.

पुढे १९२३ साली विठ्ठलराव हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. चाहत्यांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

मैत्रिणींशी या विषयावर बोलताना मला विचारण्यात आले की मग बाळू भित्रे होते का? मला तसे मुळीच वाटत नाही. थोरल्याने तीन रुपयांवर रूळ ओढला, बाहेर बसून चहा घेतला, म्हणून धाकट्यांना निवेदन काढण्याइतकी जागा मिळाली. घरोघरी थोरली जाऊ सोसते आणि धाकटी बोलते, त्यातला प्रकार. पण धाकटे बोललेच नसते तर थोरल्याचे सोसणे उपकप्तानपदाशीसुद्धा पोचले नसते, हेही खरे. पंचवीस वर्षांच्या बळींनी जे दार उघडले नाही ते एका निवेदनाने किलकिले झाले. आणि ते निवेदन जगाच्या उठाठेवीचे नव्हते, त्यांच्या स्वतःच्याच खेळातल्या अन्यायाचे होते. तो त्यांनी नाही बोलून दाखवायचा तर कोणी? म्हणून खेळाडूने गप्प खेळावे हे म्हणणे मला पटत नाही. ते म्हणणाऱ्यांना बहुधा मंडपातला चहा मिळत असतो.

बाळू पुढे बोलू लागले, आणि जे बोलले ते सर्वांना रुचण्यासारखे नव्हते. आपल्या नाशिकचा संबंध येथे येतो. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष पंचवटीत दाराशी बसले. पुढे पाच वर्षे तो लढा चालला, दार उघडले नाही. बाळूंचा विश्वास मात्र हिंदू समाजाच्या आत राहूनच सुधारणा होईल यावर होता. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणारांत त्यांचे नाव आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला उघड विरोध केला.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांच्या विरुद्ध त्यांनाच उभे केले. ज्या तरुणाने मानपत्र लिहिले तो आता पुढारी, आणि ज्याला मानपत्र मिळाले तो प्रतिस्पर्धी! आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. काँग्रेसने त्यांचा उपयोग करून घेतला असे म्हणणारे आहेत, मलाही थोडेसे तसे वाटते. काळाराम मंदिराचे बंद दार ज्यांनी पाच वर्षे पाहिले त्यांना बाळूंची वाट पटणे कठीणच होते. पण खेळाडूने बोलावे असे आपण म्हणतो तेव्हा तो आपल्या मनासारखेच बोलेल असा करार काही त्याने केलेला नसतो. मातीच्या भांड्यापासून जिमखान्याच्या पंक्तीपर्यंतची वाट ज्याने स्वतः चालून पाहिली, त्याला समाज बदलेल असे वाटले तर नवल नाही. मंदिराच्या दाराशी बसलेल्यांनी तसे काही बदललेले पाहिले नव्हते.

आमच्या एका भगिनीने विचारले, बाळूंच्या घरातल्या बायका या सगळ्यात कोठे होत्या? चरित्रे याविषयी फारसे बोलत नाहीत. विठ्ठलरावांनी १९४८ साली मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी इंग्रजीत या कुटुंबाची कथा सविस्तर लिहिली, त्यामुळे आज एवढे तरी हाती लागते. मधली पन्नास वर्षे हे नाव जवळजवळ विस्मरणात गेले होते. देवधरांच्या नावाने चषक झाला, ते योग्यच झाले. पालवणकरांच्या नावाने तसा चषक तेव्हा कोणाला सुचला नाही.

बाळू १९५५ च्या जुलैत मुंबईस वारले. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा अमलात येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.