जॉन स्टब्स ह्यांचा डावा हात

इंग्लंडची राणी एलिझाबेथ चाळिशी केव्हाच ओलांडून गेली असता फ्रान्सच्या राजाचा धाकटा भाऊ, आंजूचा ड्यूक, ह्याच्याशी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. नॉरफक परगण्यातील वकील जॉन स्टब्स ह्यांनी १५७९ साली ह्या सोयरिकीविरुद्ध पुस्तक छापून घेतले. फ्रान्सच्या राजघराण्यातील १५७२ च्या लग्नाला पॅरिसात जमलेल्या प्रॉटेस्टंट मंडळींची कत्तल झाली होती. ती स्टब्स कसे विसरणार?

राणी संतापली. पुस्तकावर बंदी आली आणि स्टब्स व पुस्तके वाटणारे विल्यम पेज ह्यांना उजवा हात तोडण्याची शिक्षा झाली. म्हाताऱ्या मुद्रकाला मात्र माफी मिळाली. ज्या कायद्याने ही शिक्षा दिली तो मेरी राणीच्या वेळचा. तो लागू पडतो की नाही ह्यावर कायदेपंडितांतच वाद होता.

३ नोव्हेंबर रोजी वेस्टमिन्स्टर येथे हात तुटताच स्टब्स ह्यांनी डाव्या हाताने टोपी काढून राणीचे कल्याण चिंतिले व ते बेशुद्ध पडले. जमाव निःशब्द होता. हे चिंतन मनापासून होते, असे आम्हांस वाटते. कारण पुढचे आयुष्यच तसे सांगते. १५८१ मध्ये सुटल्यावर ते आपल्या सहीपुढे डावखुरा अशा अर्थाचा लॅटिन शब्द लिहीत. राणीच्याच मंत्र्याने त्यांच्याकडून सरकारची बाजू मांडणारे लिखाण करून घेतले. १५८९ साली ते पार्लमेंटात बसले.

त्याच वर्षी नव्हाराचा हेन्री फ्रान्सच्या गादीवर आला. १५७२ च्या त्या लग्नातला नवरदेव तो हाच. त्याच्या मदतीस गेलेल्या इंग्रज फौजेबरोबर स्टब्स निघाले, आणि फ्रान्समध्येच वारले.